जर्मन हेल्मेटवरचा पिवळा रंग आफ्रिकेतला की इटलीतला? ओळखण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

पणजोबांनी दुसऱ्या महायुद्धाहून परतताना आणलेले एक जर्मन पोलादी हेल्मेट आमच्या साताऱ्याच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत पडून होते. बाहेरून वाळूच्या रंगाचा थर असल्यामुळे घरात सगळे त्याला ‘रोमेलच्या (आफ्रिकेतल्या जर्मन सेनापतीच्या) फौजेतले’ म्हणतात आणि परवापर्यंत मीही तेच मानत होतो. परंतु पणजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत होते. ही पलटण ज्या आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती, ती सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत तारांतोला उतरली. आफ्रिकेतल्या जर्मन फौजांनी तर त्याआधीच, मे १९४३ मध्ये, ट्युनिशियात शरणागती पत्करली होती. मग हे हेल्मेट पिवळे कशामुळे?

त्याची खालची कड आत दुमडलेली नाही, पत्रा नुसता कापून किंचित बाहेर वळवला आहे. १९३५ आणि १९४० च्या नमुन्यांत कड दुमडलेली असते, त्यामुळे हे एम-४२, म्हणजे १९४२ चा नमुना, असावे. आत डावीकडे ‘ईटी ६४’ असा ठसा आहे, त्यातल्या ‘ईटी’वरून ते जर्मनीतल्या थाले येथील कारखान्यात घडले हे कळते, ६४ हे माप. पिवळ्याचे पोपडे गेले आहेत तिथे कारखान्याचा खरखरीत करडा-हिरवा रंग दिसतो आणि डाव्या बाजूला जर्मन भूदलाच्या गरुडचिन्हातल्या पंखाचा तुकडा. भूदलाच्या हेल्मेटवर हे चिन्ह लावणे १९४३ मध्ये बंद झाले, त्यामुळे हेल्मेट त्याआधीचे ठरते. पिवळा थर नेमका कधी चढला, ते मात्र त्यावरून ठरत नाही.

आफ्रिकेत सैनिक बहुधा गाड्यांसाठी आलेलाच रंग हेल्मेटला फासत (‘राल’ या जर्मन रंग-क्रमांकांनुसार १९४१ मध्ये राल ८००० आणि ७००८, पुढच्या वर्षीपासून ८०२० आणि ७०२७) आणि चकाकी मोडावी म्हणून कधी कधी त्यात वाळूही मिसळत. फेब्रुवारी १९४३ पासून मात्र सर्वच आघाड्यांवरील गाड्यांचा मूळ रंग गडद पिवळा, म्हणजे राल ७०२८, झाला. त्यावर मारायचे रंग घट्ट लगद्याच्या रूपात डब्यांतून येत आणि पेट्रोल किंवा पाणी घालून पातळ केले जात. माझ्या हेल्मेटवर वाळूचा कण नाही, ब्रशचे फराटे स्पष्ट आहेत, म्हणून माझा कल इटलीकडे आहे. एका संग्राहकाने मात्र फोटो पाहताक्षणी ‘आफ्रिका’ म्हणून टाकले. त्या एका शब्दाने किंमत बरीच चढते, हे मला नंतर कळले. मला ते विकायचे नाही.

ऐंशी वर्षांनी विटलेला राल ८००० आणि राल ७०२८ यांतला फरक डोळ्यांनी ओळखता येतो का? अस्तराच्या तिन्ही रिव्हेटांच्या डोक्यांवर पिवळा थर अखंड आहे, त्यामुळे अस्तर काढायला मी धजत नाही. ते न काढता, ऊन न लागलेला मूळ रंग कुठे पाहावा?

दुसरी अडचण गंजाची. पोपड्यांच्या कडांखाली तो पसरतो आहे. आत्याने खोबरेल तेल सुचवले, एका पेंटरने पॉलिशपेपर मारून वार्निश. दोन्ही मी नम्रपणे टाळले. संग्रहालयांत धातूच्या वस्तूंवर मायक्रोक्रिस्टलाइन मेण (खनिज तेलापासूनचे बारीक कणांचे मेण) लावतात, पण सुटत चाललेल्या रंगावर ते चालते का, की मेण पुसताना उरलेले पोपडेही निघून येतील? पावसाळ्याआधी काहीतरी ठरवायला हवे.