मदत हवी आहे : लॅब्राडोरच्या खांद्यातील कंडरा दुर्बिणीतून कापल्यावर पुढे काय होते?

सागरगोटा :
आमच्या ब्रूनोच्या उजव्या खांद्यातील बायसेप्स या दंडाच्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, दुर्बिणीतून कापून मोकळी करावी, असे डॉक्टरांचे मत आहे आणि आम्हांला शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा आहे. जिना उतरताना तो तिसऱ्या पायरीवर थांबतो, उजवा पाय अधांतरी धरतो आणि आमच्याकडे पाहत राहतो. ते बघवत नाही. तीन-चार वर्षांनंतर अशी कुत्री कशी चालतात, एवढेच कृपया सांगावे.

रानवाट :
वय, वजन, आधीचे उपचार, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. लॅब्राडोरमध्ये कोपराच्या वाढीतील दोषानेही पुढचा पाय असाच लंगडतो. कोपर तपासले आहे का?

अंगणवेल :
आमच्या कुत्रीची हीच शस्त्रक्रिया 2019 मध्ये झाली. सहा आठवडे तिला साखळीशिवाय घराबाहेर सोडले नाही आणि त्यानंतरची चार वर्षे ती न लंगडता चालली. खांद्यात आधीपासून असलेला संधिवात मात्र गेला नाही; थंडीत ती उठताना अवघडते. तरीही माझे मत शस्त्रक्रियेच्याच बाजूने आहे.

गारवा :
आमच्या कुत्र्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता, तेव्हा प्लेट बसवली आणि तो आता पळतो. आपणही प्लेटविषयी विचारावे.

रानवाट :
प्लेटचा येथे संबंध नाही. ही कंडरा खांद्याच्या सांध्यातून निघून दंडाच्या हाडावरील खोबणीतून खाली जाते. सुजली की पाऊल टाकताना ती तेथे ताणली जाते आणि दुखते. कापल्यावर तो ताण उरत नाही, आणि कोपर वाकवणारा दुसरा स्नायू शाबूत असल्याने पाय निकामी होत नाही.

पाणवठा :
तरीही आधी सक्तीची विश्रांती आणि सांध्यात स्टेरॉइडचे एक इंजेक्शन, हाच क्रम योग्य आहे. कापलेली कंडरा पूर्ववत होत नाही.

अंगणवेल :
विश्रांतीच्या नावाखाली आम्ही सात महिने घालवले आणि तेवढ्यात स्नायू इतका झिजला की खांद्याच्या फऱ्याचे उंच हाड बोटांना लागू लागले. वाट पाहण्यालाही किंमत मोजावी लागते.

सागरगोटा :
क्षमस्व, हे आधीच लिहायला हवे होते. वय 6 वर्षे, वजन 38 किलो. आठ आठवडे विश्रांती आणि दोन इंजेक्शने झाली, दोन्ही वेळा महिनाभरच बरे वाटले. सोनोग्राफीत कंडरेभोवती पाणी दिसले. कोपराचा एक्स-रे मात्र कोणीच काढलेला नाही. उद्या सकाळी तो काढून घेतो आणि मगच होकार कळवतो.