मदत हवी आहे: मुलांसोबत केलेला सौर ओव्हन ५८ अंशांच्या पुढे जाईना

घाईगर्दी
नमस्कार मंडळी. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. आमच्या सोसायटीतली सात मुलं (दुसरी ते सहावी) काहीतरी करून दाखवायचं म्हणून मागे लागली होती, आणि मी भर मीटिंगमध्ये "सौर ओव्हन करू की, सोप्पंय" असं बोलून बसले. दोन रविवार गेले. तिसरा हातात आहे. पुणे, गच्ची, ऊन भरपूर.

काय केलं ते सांगते. पिझ्झाचा मोठा खोका घेतला (त्यासाठी आधी पिझ्झा खावा लागला, याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती). झाकणात तीन बाजूंनी कापून फडताळाच्या दारासारखी एक झडप केली, तिला आतून ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवली. तळाला काळा कार्डशीट, कडेने थर्मोकोलच्या पट्ट्या, आणि झडपेखालच्या खिडकीला क्लिंग फिल्म.

पहिल्या रविवारी बिस्किटावर चॉकलेट ठेवलं. बारा मिनिटांत वितळलं, टाळ्या पडल्या. दुसऱ्या रविवारी माझा आत्मविश्वास वाढला आणि मी भात लावला. पाव वाटी तांदूळ, दुप्पट पाणी, स्टीलचा छोटा डबा, मुलांना दिसावं म्हणून उघडाच. अकरा ते दीड. फिल्मवर आतून इतकी वाफ धरली की काही दिसेना, मग थेंब टपकायला लागले. ओव्हनचा थर्मामीटर ५८ वर बसला तो हलेना. तांदूळ नुसते फुगले. सहावीतली एक मुलगी म्हणाली, "मावशी, हा ओव्हन नाहीये, हा घाम आलेला डबा आहे."

कुठे चुकतंय? काच लावू का? डबा काळा रंगवू का, रंगवला तर कशाने? आणि मुलांच्या पोटाला बाधणार नाही असं काय शिजवता येईल? अंडं नको, निम्म्या घरांत चालत नाही.

ताकातली_मिरची
उत्तर माहीत नाही, पण चॉकलेटला बारा मिनिटं? आमच्या जळगावात मे महिन्यात ते दुकानातून घरी आणेपर्यंत वितळतं. वाचतेय.

पेटीवाली_आजी
अगं, आमच्याकडे पंचवीस वर्षं सोलर कुकर होता. सरकारी अनुदानावर मिळायचा तो, पत्र्याची पेटी, वर दोन काचांचं झाकण आणि आरसा. सकाळी साडेनऊला वरण-भाताचे डबे ठेवून मी शाळेत जायची, दीडला घरी आले की गरम जेवण. खाली लागणं नाही, उतू जाणं नाही. रवा आणि शेंगदाणे तर इतके एकसारखे भाजले जायचे की गॅसवर तसे कधी जमले नाहीत. फोडणी आणि पोळी मात्र त्यात होत नाही, त्या नादाला लागू नका.

त्या पेटीचे चारही डबे बाहेरून काळे होते आणि प्रत्येकाला घट्ट झाकण होतं. तुझा डबा उघडा होता हे वाचूनच मला कळलं.

थर्मोकोल आधी काढ. आता ५८ ला टिकलाय, पण पेटी नीट तापायला लागली की ऐंशीच्या पुढे तो आक्रसतो आणि वास सुटतो, तोही जेवणाशेजारी. वर्तमानपत्राचे बोळे, जुन्या साडीच्या चिंध्या, भाताचं तूस, काहीही चालेल. कोरडं हवं.

पट्टीमास्तर
आजींनी नेमकं बोट ठेवलंय. मी त्याला आकडे जोडतो, मुलांकडूनही करून घ्या, सहावीला जमेल.

तुमची खिडकी साधारण ३० सेंमी बाय ३० सेंमी धरू, म्हणजे ०.०९ चौरस मीटर. स्वच्छ दुपारी सूर्याकडे तोंड केलेल्या एका चौरस मीटरवर ९०० ते १००० वॅट ऊन पडतं. म्हणजे तुमच्या खोक्यात साधारण ८० वॅट येतायत, झडपेचं धरलंच नाही. २०० ग्रॅम पाणी २५ वरून ९५ अंशांवर न्यायला लागतात सुमारे ५९,००० ज्यूल. भागाकार करा: बारा-तेरा मिनिटं! तुम्ही अडीच तास बसलात. मग बाकीची उष्णता गेली कुठे?

थोडी फटींतून, थोडी पातळ फिल्ममधून. थोडी तर आत आलीच नाही, कारण चकचकीत स्टीलने ऊन परत पाठवलं. पण मोठी गळती वेगळीच. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जवळपास २२६० ज्यूल लागतात. तेवढ्यात साडेसात ग्रॅम पाणी २५ वरून ९५ ला गेलं असतं. ती वाफ वर जाऊन फिल्मला चिकटते, तिथे थंड होते, आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन टाकते, आणि वरून येणारं ऊनही अडवते. उघडा डबा म्हणजे तापवायला ठेवलेल्या पैशांतून रोज दलाली. चॉकलेटला हा प्रश्न आला नाही, कारण ते कोरडं आणि अंगाच्या उष्णतेलाही वितळतं. ती परीक्षा पास होणं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, हे मुलांना जरूर सांगा.

काच लावाच. जुन्या फोटोफ्रेमची चालेल, कडांना चिकटपट्टी गुंडाळा. काच उजेड आत घेते पण तापलेल्या काळ्या तळातून निघणारी उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. साधं पॉलिथिन ती बरीचशी जाऊ देतं.

झडपेबद्दल. खोका सूर्याकडे तोंड करून तिरका ठेवला, तर झडप खिडकीशी १२० अंशांचा कोन करून उघडा. झडप खिडकीएवढीच लांब असेल तर तिचा कवडसा बरोब्बर पूर्ण खिडकीवर पडतो, एक बोटही वाया जात नाही. ऊन दीडपट होतं (फॉइल थोडं खाते ते वेगळं). कोनमापक घेऊन कागदावर काढायला लावा. पण भाताचा डबा तिरका ठेवता येत नाही, सांडेल. तेव्हा खोका सपाट, झडप उत्तरेला, आणि एका मुलाने झडप हलवत कवडसा डब्यावर आणायचा. फॉइल कणकेच्या खळीने सुरकुती न पाडता चिकटवा. कोणती बाजू बाहेर यावर भांडू नका, फार फरक पडत नाही.

घाईगर्दी
सर, "रोज दलाली" वाचून आमच्या घरातल्या सीएने मान डोलावली. किती वाजता सुरू करू? बाराच्या आत-बाहेर?

पट्टीमास्तर
घड्याळातले बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणे ७३.८ वर. फेब्रुवारीत तुमच्याकडे सूर्य सर्वांत वर येतो तो पाऊणनंतर, साधारण १२ वाजून ५० मिनिटांनी. म्हणजे पावणेअकरा ते पावणेतीन हा वेळ दोन्ही बाजूंनी सारखा. तुम्ही दीडला बंद केलं तेव्हा चांगलं ऊन पुढे शिल्लक होतं.

जुना_पेपरवाला
मुलांना गोष्ट हवी असेल तर ही सांगा. १७६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या होरास द सोस्यूरने काचेच्या पेट्या एकात एक घालून उन्हात ठेवल्या, आणि पुढे लाकडी पेटीवर काचांचे थर लावले तेव्हा आत पाणी उकळण्याच्या पुढे तापमान गेलं. आणि आपली मुंबई! १८७० च्या दशकात विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे आरशांचा सौर कुकर केला. सात सैनिकांचं मांस-भाजीचं जेवण दोन तासांत, तेही जानेवारीत. अलीकडचं मोठं उदाहरण शिर्डीचं. २००९ मध्ये प्रसादालयाच्या स्वयंपाकाची वाफ उन्हावर तयार करायला तिथे ७३ मोठ्या तबकड्या बसवल्या.

ताकातली_मिरची
तबकड्या बघायला मुलांना न्या, प्रसादही मिळेल.

घाईगर्दी
डबा काळा कशाने करू हे राहिलं. घरात ऑइलपेंट आहे.

पेटीवाली_आजी
तो नको, तापला की वास मारतो. डब्याला बाहेरून पणतीची काजळी धर. तू धर, मुलांना जवळ येऊ देऊ नकोस. झाकणालाही. हाताला लागते, म्हणून डबा फडक्याने धरायचा. नाहीतर सातही जण कोळशाच्या गाडीतून उतरल्यासारखे दिसतील. तांदूळ अर्धा तास भिजव आणि पाणी थोडं कमी घाल, वाफ जाणार नाही आता.

पोटाचं विचारलंस, तर एकच लक्षात ठेव. अर्धवट कोमट अन्न तासन् तास ठेवून मग खायला द्यायचं नाही. साठ अंशांच्या खाली रेंगाळलं की टाकून द्यायचं, हळहळायचं नाही. दूध-पनीर पहिल्यांदाच नको. फॉइलच्या झळाळीकडे टक लावून बघायचं नाही हे सांग, आणि काच मोठ्या माणसानेच उचलायची. तापाचा थर्मामीटर कोणी आणला तर परत पाठव, तो ४२ च्या पुढे जात नाही.

घाईगर्दी
(आजी, तुम्हाला कसं कळलं? आमच्याकडे एकाने खरंच आणला होता.)

---

घाईगर्दी
रविवारचा वृत्तान्त. दोन खोके केले. दोन्हींत काच, वर्तमानपत्राचे बोळे, काजळी धरलेले सारखे डबे, तेवढाच तांदूळ, तेवढंच पाणी. एकाला झाकण, दुसरा उघडा. बाकी काहीच वेगळं ठेवायचं नाही, हे मुलांनीच ठरवलं. १०:५० ला सुरू. दर पंधरा मिनिटांनी नोंद, कवडसा हलवायची पाळी लावलेली, त्यावरून दोन भांडणं.

सव्वाबाराला उघडा डबा ६३, झाकणवाला ७९. एक वाजता ६६ आणि ८७. उघड्या डब्याची काच परत घामेजली, झाकणवाल्याची स्वच्छ. मुलांचा सगळा जीव झाकण उघडून बघण्यात, मी दोनदा हातावर चापट मारली. पावणेदोनला काच उचलली (फडकं विसरले, बोट माझंच भाजलं), झाकण काढलं, आणि भात झालेला होता. थोडा मऊ, आसट म्हणावा इतका, पण भात. उघड्या डब्यातला अर्धवटच राहिला, म्हणून पक्ष्यांसाठी नाही, थेट कचऱ्यात.

मेतकूट आणि तूप. प्रत्येकाला दीड चमचा आला. "घाम आलेला डबा" म्हणणाऱ्या मुलीने तक्ता रंगवायला घेतलाय.

पुढच्या रविवारी शेंगदाणे करायचेत. किती वेळ लागेल, आजी?

पेटीवाली_आजी
माझ्या पेटीत दोनेक तास लागायचे, पण ती सव्वाशेच्या आसपास तापायची. तुझा खोका ८७ ला आहे, त्यात दाणे गरम होतील, भाजले जाणार नाहीत. आधी दुसरी काच लाव, दोन काचांमध्ये बोटभर हवा ठेव, आणि फॉइलच्या जागी खरा आरसा. मग विचार. आणि बोट परत भाजलं तर आधी थंड पाण्याखाली धर.