मदत हवी आहे : आमच्या दोन ताईंचा सन्मान कसा करावा?

नमस्कार. दापोली तालुक्यातील आमच्या गावात दोन ताई गेली २७ वर्षे मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवीत आहेत. वडील मुंबईला आणि आई मासळीच्या लिलावाला, अशा घरांतील कितीतरी मुले त्यांच्याच ओसरीवर अभ्यास करून दहावी झाली, मीही त्यांपैकीच. त्यांची हजेरीची वही मी परवा पाहिली. खाऱ्या हवेने पाने मऊ पडली आहेत आणि उपाशी आलेल्या मुलाच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक टिंब केलेले आहे.

साने गुरुजींचा जन्म याच तालुक्यातील पालगडचा, म्हणून त्यांच्या जयंतीला, २४ डिसेंबरला, कार्यक्रम करावा असे आम्हा माजी विद्यार्थ्यांना वाटते. मात्र केवळ शाल-श्रीफळ देऊन मोकळे होणे मला पटत नाही, कारण अभ्यासिकेचे पत्रे गळतात आणि ताईंनी स्वतःसाठी कधी काही मागितलेले नाही.

ग्रामपंचायत स्तरावरील अहिल्यादेवी होळकर पुरस्कारासाठी आपल्यापैकी कोणी नाव सुचवले आहे का? कोणती कागदपत्रे लागली? शिवाय, त्यांना संकोच न वाटता निधी कसा द्यावा, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.