पहिली हॅटट्रिक स्ताबिलेची नव्हे

फुटबॉल विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक, म्हणजे एकाच सामन्यात एका खेळाडूचे तीन गोल, बऱ्याचदा अर्जेंटिनाच्या स्ताबिलेच्या नावावर टाकली जाते. आम्हीही लहानपणी तेच पाठ केलं होतं! पण खरा मान अमेरिकेच्या बर्ट पॅटनॉडचा. १७ जुलै १९३०, उरुग्वेतलं माँटेव्हिडिओ, पॅराग्वेविरुद्ध ३-०. तिन्ही गोल त्याचेच. स्ताबिलेची हॅटट्रिक त्यानंतर दोन दिवसांनी, मेक्सिकोविरुद्ध.

घोळ झाला तो दुसऱ्या गोलाचा. कुठे तो टॉम फ्लोरीच्या नावावर, कुठे चक्क पॅराग्वेचा स्वयंगोल. टीव्ही नाही, रिप्ले नाही. ज्याने जे लिहिलं ते राहिलं. फिफाने चूक सुधारली २००६ मध्ये. तोवर बर्टला जाऊन ३२ वर्षं झाली होती; तो गेला तोही बरोब्बर त्याच्या ६५व्या वाढदिवशी.

गडी मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरचा, म्हणजे कापडगिरण्यांच्या गावचा. त्या स्पर्धेत वय अवघं वीस. देशासाठी सामने फक्त चार, गोल सहा. त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत अर्जेंटिनाने अमेरिकेला ६-१ असं धुतलं, पण त्यात अमेरिकेच्या ट्रेसीचा पाय मोडला होता आणि तेव्हा बदली खेळाडू घ्यायची सोयच नव्हती, हेही धरा की हिशेबात.