पुसेगावची यात्रा: तुमची दावण कुठं असायची?

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या खटाव तालुक्यात सेवागिरी महाराजांच्या रथाचीच चर्चा. नोटांच्या माळांनी रथ झाकून जातो, ते सगळ्यांना माहीत आहे. मला जनावरांच्या बाजाराबद्दल ऐकायचंय. आठवेल तसं लिहा. आलेली उत्तरं गावा-तालुक्याच्या नावानं खाली देतोय; नाव नाही ते माझं.

सुरुवात मी करतो. मी तिसरीत होतो. वडिलांचा हात हेड्याच्या, म्हणजे जनावरांच्या दलालाच्या, उपरण्याखाली. तोंडानं दोघं पावसापाण्याचं बोलत होते आणि आत बोटं दाबून भाव चालला होता. मी मध्येच "किती झालं?" म्हणून विचारलं आणि कानाखाली खाल्ली.

माण : आमचा आजा १९७२ च्या दुष्काळातलं सांगायचा. वैरण संपली म्हणून जोडी बाजारात नेली, तर सगळेच विकणारे. घेणारा कोण नाहीच. तशीच चालवत माघारी आणली. पुढचं आजा कधी सांगायचा नाही.

औंध : मी बाईमाणूस, बाजारात शिरले नाही कधी. पण आमचा कोसा खिलार बैल विकायला न्यायचा त्या पहाटे त्याच्या गळ्यातली घुंगरांची माळ मी काढून डब्यात लपवली. संध्याकाळी हे परत आले ते माळेसाठीच. सौदा माळेसकट ठरला होता म्हणे! दिली. काय करता.

आटपाडी : पुसेगाव मोठं आहेच, पण खिलार बघायचं तर पौषात खरसुंडीला या. सिद्धनाथाच्या यात्रेत.

(आलो होतो हो दादा. भांडण नको.)

कोरेगाव : २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या आणि खोंडाला कोण विचारेना. वडील म्हणाले, गाई ठेव, जर्सीच्या नादाला लागू नकोस. ठेवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, तर पुढच्याच वर्षी जनावरांना लम्पीचा रोग, बाजारच बंद. आता मात्र पळणाऱ्या आदत (दुधाचे दात न पडलेल्या) खोंडाचा भाव ऐकला की ट्रॅक्टरवालाही गप्प बसतो.

यावर माझं थोडं वेगळं मत. शर्यतीचा बैल औताला कोण जुंपतो? दूध, अंडी, उडदाचं पीठ खाऊन तो सावलीत उभा. दावणी परत लागल्या याचा आनंद आहे, पण वडील ज्या बाजारात जायचे तो नांगरटीच्या बैलाचा होता. ते गिऱ्हाईक आता पलीकडं कृषी प्रदर्शनात पॉवर टिलरची माहितीपत्रकं गोळा करत फिरतं. मीही फिरतो.

वडूज : उपरण्याखालच्या बोटांचा हिशेब कुणाला येतो का? आमच्या घरात आता कुणालाच येत नाही.

बुध : मला येतो. लिहून जमायचं नाही. रथाच्या दिवशी या, हात द्या.