हैदराबादचं वंडरला: पैसेही वाचवायचेत आणि पोरगीही घाबरते, काय करू?

पुदिना_मानेवाडा:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये नागपूरहून हैदराबादला वंडरलात, म्हणजे तिथल्या मोठ्या पाळण्यांच्या आणि पाण्याच्या पार्कात, जायचं घाटून राहिलं आहे. आम्ही दोघं, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ चा. ह्यांनी सरळ सांगितलं आहे की जाणं-येणं, राहणं, तिकिटं, खाणं सगळं धरून २५ हजारांच्या वर एक रुपया निघणार नाही.

पैशाचं कसंही जमवीन, पण मागच्या हिवाळ्यात इथल्याच एका प्रदर्शनीत मुलीला त्या झुलणाऱ्या नावेत बसवलं. दुसऱ्याच झोक्याला ती रडायला लागली. मी खालून ओरडून राहिली, "थांबवा, थांबवा", आणि चालवणारा पोट्टा मोबाइलमध्ये डोकं घालून. उतरली तेव्हा थरथरत होती, त्यावर ह्यांचं बोलणं, "ती लहान लेकरं बघ कशी हसून राहिली!" तेव्हापासून पाळण्याचं नाव काढलं की तिच्या पोटात दुखतं. आता म्हणते, "तुम्ही जा, मी आजीकडे राहते."

तिकीट काढून तिला बाकड्यावर बसवून ठेवायची का? लहाना कशालाच भीत नाही, त्याची मला भीती.

वर्धा_रोडवाला:
ताई, तारीख नीट निवडा, अर्धं काम तिथेच होते. आपल्याकडे उन्हामुळे स्टेट बोर्डाच्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात. तेलंगणात त्या १२ जूनच्या सुमारास सुरू होतात. मधल्या आठ-दहा दिवसांत सोमवार ते गुरुवार गाठा. तिकडची पोरं शाळेत, आपली सुट्टीत. तिकीटही शनिवार-रविवारपेक्षा कमी, आणि रांग छोटी म्हणजे फास्ट ट्रॅकचे, म्हणजे रांग टाळायच्या महाग तिकिटाचे, पैसे वाचले.

गाडीचं म्हणाल तर वंदे भारत छान आहे, पहाटे ५ ला निघते, दुपारी सव्वाबाराला सिकंदराबाद. पण चेअर कारमध्ये ९ वर्षांच्या पोरीचं पूर्ण तिकीट लागेल. रात्रीच्या गाडीला स्लीपर काढलं आणि तिच्यासाठी वेगळा बर्थ मागितला नाही, तर अर्धं लागते. ४ वर्षांच्याचं काहीच नाही. रात्रीचा प्रवास म्हणजे एका रात्रीचं लॉजही वाचलं. बाकी तुमची कंबर किती साथ देते ते तुम्हीच बघा.

आबा_कोराडी:
बाई, मी कोराडीच्या पॉवर स्टेशनला मेंटेनन्समध्ये ३१ वर्षं काढली. पैशाचं वरच्या भाऊंनी सांगितलं, मी भीतीचं सांगतो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. नातू ७ वर्षांचा होता. एका पार्कात अंधारातल्या राइडच्या रांगेत तो माझा हात सोडेना. मी म्हटलं, "काही नाही होत बे, मी आहे ना." आत गेलो, कानाशी डरकाळी, तोंडावर पाणी, काळाकुट्ट अंधार. बाहेर आल्यावर रडला नाही. फक्त म्हणाला, "आबा, तुम्ही खोटं बोलले." पुढचा सगळा दिवस तो माझ्याजवळ उभा राहिला नाही, आजीचा पदर धरून फिरला.

म्हणून पोरीला "काही होत नाही" असं म्हणू नका. होते. काय होते तेच सांगा. रोलर कोस्टरची गाडी साखळीवर चढताना टक-टक-टक आवाज येतो, पोरांना वाटते काहीतरी मोडून राहिलं. तो गाडीखालच्या खटक्याचा आवाज आहे. खटका दात्यांवरून सरकत जातो, म्हणजे साखळी तुटली तरी गाडी मागे घसरत नाही. घरी सायकल उलटी करा, पायडल मारून सोडा. चाक फिरते आणि आतून टिकटिक येते ना, ते फ्रीव्हील. तिथेही खटकाच आहे. तिच्या हातानेच फिरवू द्या. वर पोचल्यावर मोटर नसते, पुढे नुसता उतार. खाली येताना पोट हलकं वाटते, कारण आपण आणि खुर्ची एकत्रच पडत असतो, खालून कोणी ढकलत नाही. ते सगळ्यांनाच वाटते, तिच्या बाबांनाही.

दुसरं, तिची उंची आताच भिंतीवर मोजा. प्रत्येक राइडला उंचीची अट असते आणि ती वेबसाइटवर लिहिलेली असते. तिला ज्यांची धास्ती आहे त्यातल्या बऱ्याच राइडवर तिला बसूच देणार नाहीत, हे तिला दाखवा. नातवाचा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला होता.

तिथे गेल्यावर आधी राइडमधून बाहेर पडणाऱ्यांची तोंडं बघत दहा मिनिटं उभं राहा. मग मोठ्या माणसानं एकट्यानं बसून यावं आणि खरं सांगावं. खुर्चीचा दांडा बंद होईपर्यंत "नाही" म्हणायचा हक्क तिचा, आणि त्यावर कोणी हसायचं नाही. हे घरातल्या साहेबांना आधी सांगा. अंधाराची भीती असेल तर रमण सायन्स सेंटरच्या तारामंडळात एक शो दाखवून आणा, तिथे अंधार आहे पण खुर्ची हलत नाही.

सांबारवडी:
आबा, सायकलचं एक नंबर! ताई, माझ्याकडून पैशाचं थोडं. तिकीट वयावर नाही, उंचीवर आहे. ८५ सेंमीच्या खाली फुकट, १४० पर्यंत मुलांचं. तुमचा लहाना ८५ च्या वर असणारच, त्यामुळे रेल्वेत फुकट, इथे नाही. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. आम्ही आतल्या दुकानातून घेतले आणि पस्तावलो. सीताबर्डीच्या बाजारातून घेऊन जा. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा डबा सकाळीच गेटबाहेर संपवा.

पार्क रावीरालला, आउटर रिंग रोडच्या १३ नंबर एक्झिटजवळ, म्हणजे सिकंदराबादहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. स्टेशनवरून टॅक्सी करू नका. सिकंदराबाद वेस्टहून मेट्रोनं एमजीबीएस स्टेशन, तिथे लाइन बदलून एलबी नगर, पुढे ऑटो.

पुदिना_मानेवाडा:
सगळ्यांचे आभार. उंची मोजली, १२७ भरली. काल अंगणात सायकल उलटी केली तर अर्धा तास पोरगी चाकच फिरवून राहिली होती, मग लहान्याला शिकवलं. आज वहीत तीन रकाने केले: "बसणार", "बघणार", "मोठी झाल्यावर". पहिल्यात सध्या फक्त घोड्यांचा झुला आहे. आजीकडे राहायचं मात्र परत निघालं नाही.

तिची एक अट आहे, प्रत्येक राइडवर आधी बाबा एकटे बसून येतील. आबांचा निरोप वाचून दाखवला तेव्हा हे मुकाट होते, ही अट ऐकल्यावर म्हणाले, "मला आकाशपाळण्यातही गरगरते." लग्नाला १२ वर्षं झाली, मला पहिल्यांदाच कळलं! आता ह्यांच्यासाठी काही उपाय असेल तर सांगा.