डबल्स पिकलबॉल : जोडीनं खेळताना तुम्हाला काय उमगलं?

पिकलबॉल म्हणजे पॅडलनं छिद्रांचा प्लास्टिकचा चेंडू नेटवरून मारायचा खेळ. त्याचे नियम तासाभरात कळतात. जोडीदाराबरोबर हलायचं कसं, हे कळायला मला वर्ष लागलं, म्हणून हा धागा. कुठेही, कितीही खेळत असाल तरी डबल्समध्ये कुठे अडलात आणि ते कसं सुटलं, नक्की लिहा.

सुरुवात मी करतो. पुण्यात वीस वर्षं बॅडमिंटन खेळलोय. कोर्टाचं माप तेच, 20 बाय 44 फूट, त्यामुळे बिनधास्त उतरलो. पण एकानं पुढे, एकानं मागे ही सवय अंगात मुरलेली, आणि इथे तीच नडली. समोरचे बरोबर आमच्या मधल्या मोकळ्या जागेत चेंडू घालायचे. इथे दोघांनी मिळून पुढे यायचं असतं. नेटपासून 7 फुटांच्या पट्टीला 'किचन' म्हणतात, त्या रेषेच्या मागे शेजारी-शेजारी उभं राहायचं. पार्टनर डावीकडे ओढला गेला की आपणही दोन पावलं डावीकडे. आमच्या कोचनी दोघांच्या कमरेला एकच दोरी बांधून अर्धा तास खेळवलं होतं. दोरी ताणली की पॉइंट थांबवायचा. दुसऱ्या दिवशी दोरी नव्हती, तरी पाय आपोआप सरकत होते.

ठाण्याहून
आम्ही नवरा-बायको सोसायटीत खेळतो. मी डावखुरी, अहो उजव्या हाताचे. मी उजवीकडे आणि ते डावीकडे असले की दोघांचेही फोरहँड मध्ये येतात. ऐकायला छान, पण मधल्या चेंडूवर दोघंही झेपावायचो. एकदा पॅडलवर पॅडल असं आपटलं की माझ्या पॅडलची कड उडाली. मग ठरवलं : चेंडू ज्याला तिरका येतोय त्यानं घ्यायचा, आणि तो नेट ओलांडायच्या आत "माझा!" असं मोठ्यानं म्हणायचं. आधी मला ओरडायला संकोच वाटायचा. आता पार्किंगपर्यंत आवाज जातो, आणि भांडण एकही होत नाही.

सिएटलहून
हा खेळ 1965 साली जन्मला तो बेनब्रिज आयलंड इथून फेरीनं अर्ध्या-पाऊण तासावर. इथे पार्कमध्ये पॅडल रांगेत लावून ठेवायचं, नंबर आला की ज्याच्याबरोबर येईल त्याच्याबरोबर खेळायचं. रोज नवा पार्टनर! मला सगळ्यात जड गेला तो तिसरा फटका. सर्व्हिसला टप्पा आणि रिटर्नलाही टप्पा पडू द्यावाच लागतो, म्हणून सर्व्हिस करणारी जोडी मागे अडकते आणि समोरची आधीच किचनपाशी येऊन उभी राहते. अशा वेळी जोरात मारलं तर त्यांना आयतंच मिळतं. चेंडू हलका उचलून त्यांच्या किचनमध्ये टाकायचा, म्हणजे त्यांना तो खालून उचलावा लागतो आणि आपल्याला पुढे यायला वेळ मिळतो. एका सत्तरीच्या आजींनी मला हे शिकवलं. मी ड्राइव्ह (जोरदार सपाट फटका) मारला की त्या शांतपणे म्हणायच्या, "सॉफ्टर, डिअर."

धागाकर्ता
सिएटलकर, वा! आपल्याकडे हा खेळ आणला तो मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. त्यांनी तो कॅनडात पाहिला होता. एका मराठी माणसानं देशभर ही रोपं लावली, याचा मला मनापासून अभिमान आहे.

नाशिकहून
वय 67. सांगायचं ते कळकळीनं सांगतो. डोक्यावरून लॉब (उंच उचललेला चेंडू) गेला की उलट्या पावलांनी मागे धावू नका. मी धावलो, पडलो, आणि मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. आता माझ्या डोक्यावरचा लॉब पार्टनर तिरका धावून घेतो आणि "स्विच" म्हणतो. मी त्याची बाजू धरतो. हे बोलून ठेवलेलं असलं की घाबरायला होत नाही.

आणखी एक. नवे लोक सर्व्हिसआधी पुकारलेला 'झिरो-झिरो-टू' हा स्कोअर ऐकून गोंधळतात. आधी आपले गुण, मग समोरच्यांचे, आणि शेवटचा आकडा सर्व्हिस करणारा जोडीतला कितवा ते. एरवी दोघांनाही सर्व्हिस मिळते. फक्त गेमच्या सुरुवातीला पहिल्या जोडीतला एकच जण करतो, म्हणून 'टू'पासून सुरुवात.

ठाण्याहून
काका, स्विचचं आजच घरी सांगते. तब्येत जपा.

कोल्हापूरहून
मुलीबरोबर खेळतो, ती तेरा वर्षांची. परवा 10-9 वर मी किचनच्या रेषेमागून व्हॉली मारली, म्हणजे टप्पा पडायच्या आत चेंडू मारला. चेंडू समोरच्यांच्या पायात मेला, पॉइंट आमचा म्हणून मी हात वर केला. पण त्याच झोकात माझा पाय किचनमध्ये पडला होता, आणि व्हॉलीला ते चालत नाही. कुणी बघितलं नव्हतं. पोरीनं बघितलं. "बाबा, फॉल्ट आपला," म्हणाली आणि चेंडू उचलून समोरच्यांना देऊन आली. ती गेम हरलो. आता मी व्हॉली मारायला निघालो की ती मागून "पाय, पाय!" म्हणते.